एक दिवस, तीन वायनरी, एक गाईड: खासगी वाइन सहल नीट कशी आखायची

वायनरी बघायला दोन प्रकारे जाता येतं. पहिला प्रकार बसचा. पंधरा-वीस अनोळखी लोकांबरोबर ठरलेल्या ठिकाणी उतरायचं, काउंटरपाशी ग्लास पुढे करायचा, पाठ केलेलं भाषण ऐकायचं आणि पुन्हा बसमध्ये चढायचं. दुसरा प्रकार म्हणजे आपल्यापुरती गाडी आणि आपल्यापुरता गाईड. हा बराच महाग पडतो. तरीही अनेकजण हा महागाचा दिवस बसमधल्यासारखाच घालवतात: पाच वायनरी, पंचवीस ग्लास, आणि तिसऱ्या ठिकाणानंतरचं काही आठवत नाही.

खासगी सहलीत गाडीचे पैसे किरकोळ म्हणावे लागतील. खरी किंमत असते ती आपल्या हातात राहिलेल्या वेळेची आणि गाईडच्या ओळखीने उघडणाऱ्या दारांची. या दोन गोष्टी वसूल करायच्या तर बरंचसं काम घरी बसूनच करावं लागतं.

आधी महिना ठरवा

द्राक्षाचं वर्ष दोन गोलार्धांत उलटसुलट चालतं. युरोप, कॅलिफोर्निया वगैरे उत्तरेकडच्या भागांत काढणी साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, चिली, अर्जेंटिना इथे फेब्रुवारी ते एप्रिल.

काढणीच्या दिवसांत जावं असं सगळ्यांनाच वाटतं, कारण फोटो तेव्हाचे बघितलेले असतात. दृश्य खरोखरच बघण्यासारखं असतं. ट्रॅक्टर, क्रेट, टाक्यांमध्ये उसळणारा रस, सगळीकडे आंबूस गोड वास. पण वाइन बनवणारा माणूस त्या आठवड्यांत धड झोपलेलाही नसतो. छोट्या घरगुती वायनरी तर या काळात पाहुण्यांसाठी दार बंदच ठेवतात. म्हणजे ज्या कारणासाठी खासगी सहल घ्यायची, तेच हाती लागत नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर काढणीच्या महिना-दीड महिना आधी जा, असं मी सांगेन. काळ्या जातींचे मणी तेव्हा हिरव्याचे जांभळे होत असतात, एकाच घडात दोन्ही रंग दिसतात, वेलीवर भरपूर पानं असतात आणि लोकांना बोलायला सवड असते. हिवाळ्यातल्या छाटणीच्या दिवसांतही मजा आहे. बाग उघडीबोडकी दिसते खरी, पण मालक स्वतः तासभर बसून बोलतो. ज्याला वाइनपेक्षा शेतीत रस आहे त्याने तेव्हा जावं.

वारही बघा. शनिवार-रविवारी मोठ्या वायनरींत गर्दी उसळते, आणि युरोपातले छोटे उत्पादक रविवारी बहुधा भेटतच नाहीत. फ्रान्सच्या ग्रामीण भागात दुपारी बारा ते दोन हा जेवणाचा वेळ असतो आणि तो पाळला जातो. आठवड्याच्या मधला दिवस सगळ्यात सोयीचा.

एका दिवसात एकच पट्टा

नकाशावर सगळं जवळ दिसतं. फ्रान्समध्ये बोर्दोला गेलेला माणूस म्हणतो, सकाळी मेदोक बघू आणि दुपारी सेंट-एमिलियाँ. पण मेदोक शहराच्या वायव्येला, नदीच्या डाव्या काठी. सेंट-एमिलियाँ पूर्वेला, उजव्या काठी. दोन्ही साधायचे तर दुपार गाडीतच जाते. कॅलिफोर्नियात नापा खोरं जेमतेम पन्नास किलोमीटर लांब आहे, पण शेजारच्या सोनोमाला जायचं तर मध्ये मायाकामास डोंगर आडवा येतो. अर्जेंटिनात मेंडोसा शहरालगत लुहान दे कुयो आणि माइपू आहेत, पण उको खोरं तासाभराहून लांब आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो.

एका वायनरीतून दुसरीकडे जायला वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ लागता कामा नये, हा हिशेब धरा. गाईडने पाठवलेल्या आखणीत चाळीस मिनिटांचा टप्पा दिसला तर कारण विचारा. कधी ते कारण चांगलं असतं. कधी तिथे कमिशन जास्त मिळतं, एवढंच असतं.

एकाच पट्ट्यात राहण्याचा आणखी एक फायदा आहे. शेजारशेजारच्या बागांत एकाच जातीची द्राक्षं असली तरी वाइन वेगळी का लागते, हे दिवसाअखेर जिभेला कळायला लागतं. सकाळी एक हवामान आणि दुपारी दुसरं, असं केलं तर तुलनेला आधारच राहत नाही.

गाईड निवडताना काय विचाराल

या कामाला थोडा वेळ द्या, कारण सगळा दिवस इथेच बनतो किंवा बिघडतो.

बाजारात दोन प्रकारची माणसं ‘वाइन गाईड’ म्हणून मिळतात. एक ड्रायव्हर, जो गाडी उत्तम चालवतो, रस्ते जाणतो आणि तुम्ही आत असताना बाहेर थांबतो. दुसरा खरा गाईड. तो बागेत तुमच्याबरोबर उतरतो, तळघरातल्या माणसाला नावाने हाक मारतो आणि तुमच्या वतीने प्रश्न विचारतो. दोघांनाही बाजारात जागा आहे. स्वतः वाइनचा अभ्यास केलेल्या माणसाला पहिला पुरतो आणि स्वस्तही पडतो. पण पहिल्याला दुसऱ्याचे पैसे मोजू नका.

फरक ओळखायला पहिला निरोप जरा नेमका पाठवा. उदाहरणार्थ: ‘आम्ही चौघे आहोत. दोघांना रेड आवडते, एकाला गोड वाइन, एकजण पीत नाही पण शेती बघायला उत्सुक आहे. नामांकित नावांपेक्षा वाइन बनवणाऱ्या माणसाशी बोलायला मिळेल अशी निदान एक जागा हवी. दिवसात तीनच वायनरी. तुम्ही कुठे न्याल आणि का?’

उत्तरातला ‘का’ बघा. ‘अमुक ठिकाणी चुनखडीच्या जमिनीची बाग आहे आणि समोरच चिकणमातीची, दोन्हीची वाइन शेजारी ठेवून चाखता येईल’ असं कोणी लिहिलं तर त्याला घ्या. नुसती ‘प्रीमियम अनुभव’ अशी तीन पानी पीडीएफ आली तर पुढच्याला विचारा.

मग व्यवहाराचे प्रश्न. प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि प्रवाशांचा विमा आहे का? टेस्टिंगचं, म्हणजे वाइन चाखण्याचं, शुल्क रकमेत धरलंय की प्रत्येक दारात वेगळं द्यायचं? जेवण, पाणी, टोल, पार्किंग? ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर तासाचा दर काय? रद्द केलं तर किती पैसे परत? वायनरीने आयत्या वेळी नकार दिला तर पर्याय कोणता? अमेरिकेत असाल तर टिपचा हिशेबही आधीच धरून ठेवा, तिथे १५ ते २० टक्क्यांची रीत आहे. युरोपात एवढी अपेक्षा नसते.

एक प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण विचारावा: ‘आम्ही विकत घेतलेल्या बाटल्यांवर तुम्हाला वायनरीकडून काही मिळतं का?’ मिळत असेल तर त्यात गुन्हा नाही, बऱ्याच ठिकाणी तशी पद्धत आहे. सरळ उत्तर देणारा माणूस विश्वासाचा. गडबडणारा असेल तर खरेदीच्या वेळी त्याचा सल्ला जरा जपून घ्या.

वायनरींच्या वेळा कोण घेणार, हेही पक्कं करा. नापा काउंटीत १९९०च्या नियमानंतर परवाना मिळालेल्या वायनरींत आधी वेळ घेतल्याशिवाय टेस्टिंग करता येत नाही. बोर्दोतल्या बहुतेक नामवंत शातोंमध्येही (स्वतःची बाग असलेल्या वायनरींना तिथे शातो म्हणतात) न कळवता गेलात तर फाटकावरूनच परत यावं लागेल. वेळा गाईडने घ्याव्यात आणि प्रत्येक ठिकाणाची लेखी पोच तुम्हाला पाठवावी. ‘मी ओळखतो, जाऊ या’ यावर दिवस सोडू नका.

तीनच का, याचं गणित

टेस्टिंगला साधारण ३० मिली ओततात. पाच वायनरी, प्रत्येक ठिकाणी पाच वाइन, म्हणजे पंचवीस वेळा ३० मिली. झाले ७५० मिली. पूर्ण एक बाटली, एकट्याने, दिवसाउजेडी. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनच्या एका बाटलीत सुमारे ८० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने जिरवतं. एका दिवसाच्या सहलीत हे बसत नाही.

तीन वायनरी धरल्या तर बेरीज ४५० मिलीवर येते, अल्कोहोल ५० ग्रॅमच्या आत. त्यातली निम्मी वाइन थुंकलीत तर शेवटच्या ठिकाणीही चव कळते आणि प्रश्न सुचतात. पोर्टसारख्या फोर्टिफाइड, म्हणजे वरून मद्यार्क मिसळलेल्या, वाइनमध्ये अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास असतं, तिथे हाच हिशेब आणखी आखडता घ्यावा लागतो.

थुंकणं हा असभ्यपणा नाही. टेबलावरचं ते भांडं त्यासाठीच असतं, आणि व्यवसायातले लोक दिवसाला कित्येक वाइन त्याच जोरावर चाखतात. जमेल की नाही अशी धास्ती असेल तर आदल्या दिवशी बेसिनपाशी साध्या पाण्याने सराव करा. ओठ गोल करून बारीक, जोरदार धार. हसू येईल, पण शर्ट वाचेल.

गाडी चालवणाऱ्याने मात्र एकही घोट घ्यायचा नाही, थुंकणार असला तरीही. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात सर्वसाधारण चालकासाठी मर्यादा रक्तात ०.०५ टक्के आहे आणि काही देशांत शून्य. पण कायदा बाजूला ठेवला तरी तुम्ही त्याला ज्या कामाचे पैसे देताय त्यातच ही अट आहे.

तीन जागा कोणत्या

एक मोठी, एक छोटी, एक वेगळी. सहसा ही जोडणी चांगली जमते.

मोठ्या वायनरीत प्रक्रिया नीट मांडून दाखवलेली असते, स्वच्छतागृहं चांगली असतात, समजावणारे लोक सवयीचे असतात. दिवसाची सुरुवात तिथे करा, म्हणजे पुढे काय बघायचं याची घडी बसते. छोट्या ठिकाणी, जिथे छाटणीही तोच माणूस करतो आणि बाटलीवर लेबलही तोच चिकटवतो, तिथे सगळ्यात जास्त वेळ ठेवा. तिसरी जागा त्या पट्ट्याच्या स्वभावाची. पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात असाल तर ग्रॅनाइटच्या हौदात पायाने द्राक्षं तुडवणारी किंता, म्हणजे द्राक्षमळा, जॉर्जियात असाल तर जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत, म्हणजे क्वेव्रीत, वाइन करणारं घर, फ्रान्सच्या शॅम्पेन भागात असाल तर खडूच्या दगडात खोदलेली तळघरं.

नावांच्या मोहाबद्दल एक गोष्ट. बोर्दोच्या वायनरींची प्रसिद्ध श्रेणीवारी १८५५ सालची आहे आणि पहिल्या श्रेणीत त्यानंतर एकाच नावाची भर पडली, १९७३ साली मुतों रोत्शील्डची. दुसरीकडे, २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून वाइन चाखायला दिल्या, तेव्हा व्हाइट आणि रेड दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. झाकलेल्या लेबलांचा हा किस्सा प्रत्येक गाईड सांगतो. सांगितल्यावर त्याला म्हणा, मग आम्हालाही एखादी बाटली झाकून द्या.

दिवसाची आखणी

साडेनऊला निघा. पहिली भेट दहाला, सव्वा तास. तोंडाची चव सकाळी सर्वांत स्वच्छ असते आणि व्यावसायिक टेस्टिंगही बहुधा सकाळीच ठेवतात. दुसरी भेट पावणेबाराला, ती छोट्या वायनरीची. हिला दीड-दोन तास द्या आणि मागे काहीही घाईचं ठेवू नका. मग जेवण, दीड तास. तिसरी भेट साडेतीनच्या सुमारास. पाच-साडेपाचला परत. कमी वाटेल, पण मधली रिकामी मिनिटंच कामाला येतात. मालक म्हणतो, ‘चला, वरची बाग दाखवतो,’ तेव्हा ‘आम्हाला पुढे जायचंय’ म्हणावं लागू नये. फ्रान्समधल्या दुपारच्या बंद वेळेसारखी अडचण असेल तर छोटी भेट सकाळी पहिली घ्या.

जेवण वायनरीतच असेल तर उत्तम. नसेल तर गाईडला साधी जागा सुचवायला सांगा. चार-पाच कोर्सचं, प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन असलेलं जेवण ऐकायला छान वाटतं, पण तेच दुपार खाऊन टाकतं. तसं हवंच असेल तर वायनरी दोनच ठेवा.

निघण्याच्या दिवशी

पोटभर नाश्ता करा. रिकाम्या पोटी टेस्टिंग म्हणजे अकरा वाजताच डोकं जड. अत्तर, सुगंधी आफ्टरशेव्ह, वासाचं हँडक्रीम घरीच ठेवा. तुमच्याबरोबर शेजारच्याचंही नाक त्यात अडकतं. गडद कपडे घाला. पायात सपाट, बंद बूट, कारण बागेत ढेकळं असतात आणि तळघराची फरशी ओली असते. बाहेर कितीही ऊन असलं तरी एक स्वेटर हवाच. तळघराचं तापमान १० ते १४ अंशांच्या आसपास असतं आणि पातळ कपड्यांतला माणूस दहा मिनिटांत बाहेर पळायची वाट बघू लागतो. प्रत्येकामागे लिटरभर पाणी, आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. अमेरिकेत किमान वय २१ आहे, बऱ्याच देशांत १८.

बुटांबद्दल आणखी एक. आदल्या आठवड्यात दुसऱ्या द्राक्षपट्ट्यात फिरला असाल तर बूट घासून धुवा आणि गाईडला तसं सांगा. फिलॉक्सेरा नावाची मुळांवरची बारीक कीड १८६०च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली आणि पुढच्या काही दशकांत तिने युरोपातल्या बागा उजाड केल्या. शेवटी अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपीय जातींची कलमं बांधून उपाय निघाला आणि आजही जगातल्या बहुतेक बागा तशाच आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात ही कीड पोचलेली नाही. म्हणून तिथे बरोसासारख्या भागात १८४०च्या दशकातल्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आणि म्हणूनच तिथे परवानगीशिवाय ओळींत शिरू नका अशा पाट्या दिसतात. फोटोसाठी गाडी थांबवून कुणाच्याही बागेत घुसणारे पर्यटक पाहिले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा का येतो, हे यावरून कळेल.

बागेत: ग्लासच्या आधी वेल

प्रत्येक वायनरी टेस्टिंग रूमकडे नेण्याची घाई करते. गाईडला आधीच सांगून ठेवा की पहिली पंधरा मिनिटं बागेत हवीत.

तिथे काय बघायचं? आधी वेलीची रचना. खोड, त्यावर तारेला बांधलेले ओलांडे, म्हणजे आडवे हात, त्यांतून फुटलेल्या काड्या. एका काडीवर किती डोळे (जिथून नवी फूट येते ते) ठेवले, एका वेलीवर किती घड राखले, हे विचारा. घड कमी राखले तर उरलेल्यांत रस घट्ट उतरतो, पण उत्पन्न घटतं, आणि मालकाचा सगळा जमाखर्च या एका निर्णयात दिसतो. ओळींच्या टोकाला गुलाब असतील तर त्यांचं कारणही जुनं आहे. भुरी रोग गुलाबावर आधी दिसतो, म्हणून ती धोक्याची घंटा समजली जात असे. आता फवारणीचं वेळापत्रक गुलाब बघून कोणी ठरवत नाही, पण झाडं राहिली आहेत.

काढणी जवळ आली असेल तर परवानगी घेऊन एक मणी तोडा. गर चोखून घ्या, साल दातांत चावत राहा आणि बिया तळहातावर काढा. बी हिरवट आणि चिकट असेल तर मणी अजून कच्चा. तपकिरी झालं असेल आणि दाताखाली कडक्कन फुटलं तर पिकला. साखर मोजायला यंत्र आहेच, पण तोडणीचा दिवस ठरवायला जुनी माणसं अजूनही असं बी चावून बघतात. सालीचा जो तुरटपणा हिरड्यांवर रेंगाळतो, तोच पुढे रेड वाइनमध्ये टॅनिन म्हणून भेटतो. एवढ्या एका मण्यानंतर दुपारच्या टेस्टिंगमधलं निम्मं बोलणं आपोआप समजतं.

तळघरात

टाक्यांच्या खोलीत गेल्यावर एकच गोष्ट पक्की समजून घ्या, बाकी सगळं तिला जोडून येतं: व्हाइटसाठी द्राक्षं आधी दाबून रस वेगळा काढतात आणि मग आंबवतात; रेड सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणून रेडच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर होतो आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर सोडावा लागतो. व्हाइट थंड आंबवतात, साधारण १२ ते १८ अंशांवर, वास टिकावेत म्हणून. रेड २५ ते ३० अंशांवर, सालीतून भरपूर निघावं म्हणून.

काढणीच्या काळात उघड्या टाकीवर वाकून वास घेऊ नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो टाकीच्या तोंडाशी साचतो आणि घेरी येऊन माणूस आत पडू शकतो. तिथे काम करणाऱ्यांचेही यात जीव गेले आहेत.

पिंपांच्या खोलीत विचारण्यासारखं बरंच असतं. बोर्दो पद्धतीच्या पिंपात २२५ लिटर मावते, म्हणजे ३०० बाटल्या. पिंपाचं ओक लाकूड फ्रेंच की अमेरिकन, नवा की वापरलेला, आतून किती भाजलेला, यावर चव हलते. खासगी सहलीचा खरा फायदा इथेच घ्या: पिंपातून चाखायला मिळेल का, असं गाईडकरवी आधीच विचारून ठेवा. मालक पिंपाचं बूच काढतो, काचेची लांब नळी आत सोडतो, वरचं भोक अंगठ्याने दाबतो आणि जांभळी, जराशी गढूळ वाइन ग्लासात सोडतो. ती अजून घडत असते, जिभेला खरखरीत लागते. मग तीच वाइन स्टीलच्या टाकीतली मागा. एकच बाग, एकच वर्ष, फक्त भांडं वेगळं. लाकूड काय करतं हे या दोन घोटांत जेवढं कळतं, तेवढं सांगून कळत नाही.

टेस्टिंग रूममध्ये

क्रम साधारण असा: स्पार्कलिंग (फसफसणारी), व्हाइट, रोझे (गुलाबी), हलकी रेड, भारी रेड, शेवटी गोड. हा क्रम मोडला तर पुढची वाइन फिकी किंवा आंबट लागते.

ग्लास दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघा. ग्लासच्या काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांना फार महत्त्व देऊ नका. त्यावरून अल्कोहोल आणि साखर यांचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. न हलवता एकदा वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. छोटा घोट घ्या आणि तोंडभर फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला आहे. हिरड्या कोरड्या पडल्या, बिनदुधाचा कडक चहा प्यायल्यासारख्या, तर टॅनिन. घशात ऊब आली तर अल्कोहोल. मग थुंका किंवा गिळा, आणि चव किती वेळ टिकते ते बघा.

‘चेरी, तंबाखू, पेन्सिलीचं शिसं’ अशी वर्णनं ऐकून दबून जाऊ नका. तुम्हाला येणारा वास तुमच्या आठवणीतला असतो, तो तुमच्या शब्दांत सांगा. वर्णनापेक्षा तुलना मागा. एकाच जातीच्या दोन बागांतल्या, किंवा एकाच वाइनची दोन वर्षं, शेजारी ठेवून. हे बसच्या गर्दीला मिळत नाही, तुम्हाला मिळू शकतं.

एखाद्या ग्लासला ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद खोलीतला वास आला तर गप्प बसू नका. बुचातल्या एका रसायनामुळे असं होतं. सांगितलंत तर यजमान स्वतः हुंगून दुसरी बाटली उघडेल, आणि त्यानंतर तुमच्याशी जरा वेगळ्या आदराने बोलेल.

टिपणं चार शब्दांची ठेवा आणि लेबलचा फोटो घ्या. आवडली नाही अशी वाइन संपवायचं बंधन नसतं. उरलेली भांड्यात ओता.

न पिणाऱ्यांसाठी आधी कळवलं तर बरीच ठिकाणं द्राक्षाचा रस ठेवतात आणि टेस्टिंगचं शुल्कही घेत नाहीत. शुद्ध शाकाहाराचा प्रश्न असेल तर वाइन निवळायला काय वापरता ते विचारा. अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरायची पद्धत आहे, आणि बेंटोनाइट नावाच्या मातीने निवळलेलीही मिळते. मुलं बरोबर असतील तर दोन वायनरी पुरे, तीही अंगण मोठं असलेल्या.

खरेदी

पहिल्या ठिकाणी उत्साहात सहा बाटल्या घेऊ नका. जी वाइन इतर दुकानांत सहज मिळते ती इथून वाहून नेण्यात अर्थ नाही. छोट्या वायनरीत, बाहेर कुठे न जाणारी वाइन असते, तिच्यासाठी जागा ठेवा. बाटली विकत घेतली तर टेस्टिंगचं शुल्क माफ होतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.

घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहणार असतील तर गाईडकडे थंड पेटी आहे का ते सकाळीच बघून ठेवा. बंद गाडी तापली की दुपारभरात वाइन शिजते आणि बूच वर सरकतं. विमानात हातातल्या सामानात बाटली सहसा जात नाही. मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये, काठापासून दूर ठेवावी लागते. विमानप्रवासाच्या सुरक्षा नियमांनुसार २४ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलला प्रमाणाची अट नाही, त्यामुळे पोर्टसुद्धा चालते. अडवतं ते सामानाचं वजन, कारण भरलेली एक बाटली सव्वा ते दीड किलो भरते. सीमाशुल्काची सूट प्रत्येक देशाची वेगळी असते आणि ती लिटरमध्ये मोजतात, म्हणून किती बाटल्या घ्यायच्या हे निघण्याआधीच आपल्या देशाच्या सीमाशुल्क विभागाच्या नियमांत बघून ठरवा. पावत्या बाटल्यांबरोबर बॅगेत न ठेवता पासपोर्टबरोबर ठेवा, तपासणीच्या रांगेत त्या हाताशी लागतात.